कप फुटला की फोडलास?

परवा सकाळी स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज आला आणि पाठोपाठ माझ्या मुलीचा, "आई, कप फुटला!" आणि हॉलमध्ये पेपर वाचत बसलेल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान वर न करता विचारलं, "फुटला की फोडलास?"

हा प्रश्न मी आमच्या घरात चाळीस वर्षं तरी ऐकतोय. अण्णा तोफखान्यातले, हवालदार म्हणून रिटायर झाले, शेवटचं पोस्टिंग देवळालीला होतं, मग इथेच जेल रोडला जागा घेतली आणि आम्ही कायमचे नाशिकरोडकर झालो. लहानपणी कंपास हरवली, चप्पल तुटली, दूध सांडलं असं काहीही सांगायला गेलं की अण्णांचं ठरलेलं, दूध स्वतः उठून सांडलं का? "मी सांडलं" म्हटलं की पुढे काही नाही, फडकं घे आणि पूस, विषय संपला. पण "सांडलं" म्हटलं की अर्धा तास उभं. ते म्हणायचे गनवर जो नंबर वन असतो, म्हणजे त्या तोफेचा कमांडर, त्याला "गोळा चुकीच्या ठिकाणी पडला" असं वाक्य बोलायची परवानगीच नाही. लेइंग म्हणजे नेम कोणी धरला, चार्ज म्हणजे दारू कोणी भरली हे नंतर बघू, पण गन त्याची आहे, मग चूक पण त्याचीच. तोफ चुकत नसते, नंबर वन चुकतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे एक चिठ्ठी. गेल्या पावसाळ्यात माझा पाय फ्रॅक्चर झाला आणि दीड-दोन महिने घरी बसून होतो, तेव्हा मोबाईलवर दुसऱ्या महायुद्धाबद्दल मिळेल ते वाचायचो, अण्णांनाही वाचून दाखवायचो कारण त्यांना मोबाईलवरचं बारीक अक्षर आता दिसत नाही. त्यात ड्वाइट आयझेनहॉवरच्या हस्ताक्षरातल्या एका चिठ्ठीचा फोटो समोर आला आणि तिथून मी या माणसात जो अडकलो तो अजून बाहेर आलेलो नाही. आधी मला एवढंच माहीत होतं की अमेरिकेचा एक टक्कल पडलेला राष्ट्राध्यक्ष, केनेडीच्या आधीचा. बस.

चिठ्ठी ५ जून १९४४ ची. म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मित्रराष्ट्रांचं सैन्य उतरायच्या आदल्या दिवसाची, आणि त्या सगळ्या सैन्याचा सरसेनापती हा आयझेनहॉवर. खरं तर उतरायचं होतं ५ तारखेलाच, पण इंग्लिश खाडीत वादळ, आणि जेम्स स्टॅग नावाचा हवामानवाला अधिकारी सांगत होता की आज नको, पण ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल असं दिसतंय. थोडी उघडीप! आपल्याकडे लग्नाचा मांडव घालायचा तरी माणूस एवढ्या भरवशावर घालणार नाही, आणि इथे पहिल्याच दिवशी दीड लाखावर माणसं समुद्रातून आणि आकाशातून पलीकडे टाकायची होती. पुढे ढकललं तर भरती-ओहोटीचं गणित जुळायला दोन आठवडे थांबावं लागणार, तोपर्यंत जर्मनांना पत्ता लागला तर संपलं. पोर्ट्समथजवळच्या साउथविक हाउसमध्ये सगळे बसलेले, सगळ्यांनी आपापलं मत दिलं, आणि मग सगळे गप्प झाले कारण शेवटचा शब्द एकाच माणसाचा होता. तो म्हणाला, चला, जाऊ.

आणि मग त्याच दिवशी या माणसाने एका छोट्या कागदावर पेन्सिलने चार वाक्यं लिहिली, हल्ला फसला तर जगाला सांगायला. म्हणजे जिंकल्यावर काय बोलायचं त्याची तयारी सगळेच करतात, याने हरल्यावर काय बोलायचं ते आधी लिहून पाकिटात ठेवलं. मजकूर साधारण असा: शेरबुर्ग-हाव्र भागात आपल्या सैन्याला नीट पाय रोवता आले नाहीत आणि मी सैन्य मागे घेतलं आहे. या वेळी आणि या ठिकाणी हल्ला करण्याचा माझा निर्णय हाताशी असलेल्या उत्तम माहितीवर आधारलेला होता. पायदळ, हवाईदल आणि नौदल यांनी शौर्य आणि कर्तव्यनिष्ठा जे जे करू शकते ते सगळं केलं. या प्रयत्नात काही दोष किंवा चूक असेल तर ती एकट्या माझी आहे.

आता यात जे मला सगळ्यात भिडलं ते सांगतो. कागदावर खाडाखोड आहे. त्याने आधी लिहिलं होतं ते "सैन्य मागे घेण्यात आले आहे" या धर्तीचं होतं, ते खोडून त्याने "मी सैन्य मागे घेतलं आहे" केलं. पुढे "ही विशिष्ट कारवाई" असं लिहिलं होतं, तेही खोडलं आणि तिथे "हल्ला करण्याचा माझा निर्णय" असं केलं. आणि शेवटच्या "एकट्या माझी" या शब्दांखाली रेघ ओढली. म्हणजे बघा, पहिल्यांदा हातातून आपोआप जे उतरलं ते कोणाही ऑफिसरच्या हातातून उतरतं तसंच उतरलं, कर्ता नसलेलं वाक्य. मग त्याने ते परत वाचलं आणि त्यात स्वतःला घातलं. शाळेत आम्हाला प्रयोग शिकवायचे, कर्तरी, कर्मणी, भावे, पाच मार्कांचा प्रश्न असायचा, तेव्हा कधी वाटलं नव्हतं की प्रयोग बदलला की माणूस बदलतो.

अण्णांना हे वाचून दाखवलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, परत वाच. परत वाचलं. मग म्हणाले, "तारीख काय टाकलीय?" आणि तिथे एक गंमतच आहे, चिठ्ठीवर जुलै ५ लिहिलंय, जूनच्या जागी जुलै. इतका थकलेला माणूस की महिना चुकला. अण्णा म्हणाले, महिना चुकला पण माणूस नाही चुकला.

त्याच संध्याकाळी तो ग्रीनहॅम कॉमनला गेला, तिथे १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनची पोरं तोंडाला काळं फासून विमानात चढायच्या तयारीत होती. छत्रीधारी सैनिकांचं नुकसान भयंकर होईल असं त्याच्या हवाईदल प्रमुखानेच त्याला सांगितलेलं, तरी त्याने त्यांना पाठवायचा निर्णय घेतला होता आणि म्हणून तो स्वतः त्यांना बघायला गेला. तिथला एक फोटो प्रसिद्ध आहे, हात पुढे करून तो एका लेफ्टनंटशी बोलतोय, बघणाऱ्याला वाटतं लढाईचा मंत्र देतोय, आणि त्या लेफ्टनंटने नंतर सांगितलं की साहेब मला मिशिगनमधल्या मासेमारीबद्दल विचारत होते. हे मला फार खरं वाटलं. अण्णा सांगतात की मोर्चावर आलेला चांगला सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसर कधीच लढाईबद्दल बोलत नाही, तो विचारतो घरी पाऊस झाला का, बैल विकला का.

चिठ्ठी पाकिटातच राहिली, कारण हल्ला यशस्वी झाला. काही आठवड्यांनी त्याच्या हाताखालच्या हॅरी बुचर नावाच्या अधिकाऱ्याच्या ती नजरेला पडली आणि त्याने मागून ठेवून घेतली, म्हणून आपल्याला आज ती दिसते.

मग मी मागे जाऊन वाचत गेलो. जन्म १४ ऑक्टोबर १८९० चा, टेक्सासमधल्या डेनिसनचा, वाढला कॅन्ससमधल्या अॅबिलीन नावाच्या छोट्या गावात. सात भावांतला तिसरा, त्यातला एक तान्हेपणीच गेला. बाप क्रीमरीत म्हणजे दूध-लोण्याच्या कारखान्यात कामाला, आणि याने स्वतः पण तिथे रात्रपाळ्या केल्या आहेत. आई इतकी धार्मिक आणि युद्धविरोधी की पोरगा वेस्ट पॉइंटला सैनिकी शिक्षणाला निघाला तेव्हा ती रडली. तिथे १६४ जणांत त्याचा नंबर ६१ वा, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच मधला. पहिल्या महायुद्धात त्याला फ्रान्सला जायलाच मिळालं नाही, अमेरिकेतच रणगाड्यांच्या पोरांना ट्रेनिंग देत बसला, आणि ऑर्डर आली तेव्हा युद्धच संपलं. १९२१ च्या जानेवारीत त्याचा तीन वर्षांचा पहिला मुलगा स्कार्लेट फीव्हरने गेला, हे दुःख तो शेवटपर्यंत विसरला नाही. आणि मग मेजर या एका हुद्द्यावर सोळा वर्षं! आमच्या कंपनीत तीन वर्षं प्रमोशन नाही मिळालं की माणूस तोंड पाडून फिरतो. १९४१ च्या सुरुवातीला हा साधा लेफ्टनंट कर्नल होता आणि १९४४ च्या डिसेंबरात पंचतारांकित जनरल. पण त्या सोळा वर्षांत तो काय करत होता तर वाचत होता, नकाशे शिकत होता, दुसऱ्याच्या नावाने भाषणं आणि रिपोर्ट लिहून देत होता. मला वाटतं शब्दांची ही जी जाण त्याच्यात दिसते ती तिथूनच आली असणार.

१२ एप्रिल १९४५ ला तो जर्मनीत ओर्डरुफच्या छळछावणीत गेला. पॅटन आणि ब्रॅडली हे त्याचे जनरल बरोबर होते, पॅटनसारख्या माणसाला तिथे उलटी झाली. आयझेनहॉवरने मात्र सगळं बघितलं, प्रत्येक कोपरा, आणि तीन दिवसांनी अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांना लिहिलं की मी मुद्दाम गेलो, म्हणजे पुढे कधी कोणी म्हणालं की हा सगळा प्रचार होता तर मला प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून उभं राहता यावं. १९४५ मध्ये हे सुचणं! आज आपण रोज व्हॉट्सअॅपवर बघतो की झालेली गोष्ट झालीच नाही म्हणून सांगणारे किती आहेत. त्याच्या डोक्यात तेव्हाच होतं की "असं घडलं म्हणतात" पुरणार नाही, "मी पाहिलं" असं म्हणणारा कोणीतरी लागेल.

आणि जूनमध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये त्याचा मोठा सत्कार झाला, तिथे तो म्हणाला की ज्याचा गौरव त्याच्या माणसांच्या रक्तातून आणि मित्रांच्या त्यागातून आलाय त्याच्या वाट्याला नम्रताच असली पाहिजे. अण्णांनी हे वाक्य मला एका वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायला लावलं, ते त्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.

पण मला हा माणूस देवघरात बसवायचा नाहीये, कारण तो राजकारणात आला आणि तिथे त्याची वाक्यं कधीकधी परत बिनकर्त्याची झाली. १९५२ च्या त्याच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात मॅकार्थी नावाचा सिनेटर होता, दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवायचा, त्याने जनरल मार्शलवर सुद्धा देशद्रोहाची चिखलफेक केली होती. मार्शल म्हणजे आयझेनहॉवरला वर आणणारा माणूस, गुरूच म्हणा. विस्कॉन्सिन हे मॅकार्थीचं राज्य, तिथल्या भाषणात मार्शलच्या बाजूने एक परिच्छेद लिहिलेला होता, आणि सल्लागारांनी आग्रह केला म्हणून त्याने तो गाळला. पेपरवाल्यांना कळलं तेव्हा व्हायची ती शोभा झाली. जून ४४ मध्ये ज्याने "एकट्या माझी" खाली रेघ ओढली त्याच माणसाने मतांसाठी गुरूबद्दलची चार वाक्यं खाली ठेवली, हे मला वाचताना अक्षरशः लागलं. आणि १९५३ मध्ये इराणमध्ये मोसाद्देगचं निवडून आलेलं सरकार उलथवलं गेलं. बघा मी पण "उलथवलं गेलं" लिहिलं. सीआयएने आणि ब्रिटिशांनी उलथवलं, आयझेनहॉवरच्या मंजुरीने. आणि सीआयएने आपला हात होता हे अधिकृतपणे मान्य केलं २०१३ मध्ये. साठ वर्षं त्या वाक्याला कर्ता नव्हता आणि त्या देशाने त्याची किंमत मोजली.

आपला हिशोब पण आहेच. १९५४ मध्ये त्याने पाकिस्तानला लष्करी मदत द्यायची ठरवली, नेहरूंना पत्र लिहून कळवलं की ही तुमच्याविरुद्ध नाही, आणि १९६५ मध्ये त्या मदतीतले पॅटन रणगाडे पंजाबात आले. अण्णा तेव्हा नवीन भरती, पंजाबातच होते. पॅटनचं नाव काढलं की अजून ते जरा सरळ होऊन बसतात. मी मुद्दाम विचारलं की हा तुमचा आवडता जनरल, त्यानेच ते रणगाडे दिले होते, मग? म्हणाले, "दिले ना. त्याने दिले. चांगलं केलं ते लिही, हे पण लिही." म्हणून लिहिलं.

आणि तरीही. १ मे १९६० ला, म्हणजे इकडे महाराष्ट्र राज्य स्थापन होत होतं त्याच दिवशी, पेशावरहून निघालेलं अमेरिकेचं यू-टू हेरगिरी विमान रशियाने पाडलं. वॉशिंग्टनहून सांगितलं गेलं की ते हवामानाचा अभ्यास करणारं विमान होतं, वाट चुकलं. मग ख्रुश्चेव्हने जाहीर केलं की पायलट जिवंत आमच्या ताब्यात आहे, आणि खोटं उघडं पडलं. आता इथे नेहमीची पद्धत काय, खालच्या कोणाला तरी बळी द्यायचा, साहेबांना कल्पना नव्हती म्हणायचं. तशी वाट त्याला उघडी होती. पण ११ मे ला त्याने पत्रकारांसमोर येऊन ही हेरगिरी आपल्या सरकारची आहे हे स्वीकारलं. पॅरिसची शिखर परिषद त्यामुळे फिसकटली, शांततेचं जे काही त्याच्या मनात होतं ते सगळं पाण्यात गेलं. उशिरा बोलला, पण खालच्या माणसाच्या अंगावर ढकललं नाही.

लिटल रॉकबद्दल थोडक्यात सांगतो, १९५७ मध्ये आर्कान्सॉमधल्या एका शाळेत नऊ काळ्या मुलांना कोर्टाचा हुकूम असूनही आत जाऊ देत नव्हते, गव्हर्नरच आडवा आला होता. वर्णभेदाच्या प्रश्नावर आयझेनहॉवर मनापासून पुढे जाणारा नव्हता, हे खरं आहे. पण झुंडशाही कोर्टाच्या वर नाही म्हणत त्याने सैन्य पाठवलं, आणि कोणतं तर तीच १०१ वी एअरबोर्न. ज्यांना तो त्या संध्याकाळी निरोप द्यायला गेला होता त्याच डिव्हिजनचे जवान आता शाळकरी मुलांना वर्गापर्यंत सोडायला. मला हे वाचून भरून आलं.

आता त्या दोन भाषणांकडे येतो, कारण मी ज्या कामात आहे त्यामुळे ती मला जास्त टोचतात. पहिलं १६ एप्रिल १९५३ चं, स्टॅलिन जाऊन दीड महिना होत होता. पोटदुखीने बेजार असताना उभं राहून त्याने ते केलं. त्यात तो म्हणतो की बनवलेली प्रत्येक तोफ, पाण्यात उतरवलेली प्रत्येक युद्धनौका, सोडलेलं प्रत्येक रॉकेट ही शेवटी जे भुकेले आहेत, जे थंडीत कुडकुडतायत त्यांच्या घरची चोरी आहे. आणि नुसतं बोलून थांबत नाही, हिशोब देतो: एका बॉम्बर विमानाच्या किमतीत ३० पेक्षा जास्त शहरांत एकेक पक्क्या विटांची शाळा, किंवा प्रत्येकी ६० हजार वस्तीच्या गावाला पुरेल अशी दोन वीजकेंद्रं, किंवा दोन सुसज्ज हॉस्पिटलं. एक फायटर विमान म्हणजे पाच लाख बुशेल गहू. मी बुशेलचं गणित केलं, सुमारे २७ किलोचा एक बुशेल, म्हणजे एक लाख ३६ हजार क्विंटलच्या आसपास. अण्णांच्या समोर मी हा आकडा बोललो आणि स्वयंपाकघरातून आई बाहेर आली.

आई सिन्नर तालुक्यातली. तिला आयझेनहॉवर माहीत नाही पण रेशनचा अमेरिकन गहू माहीत आहे. तो गहू याच माणसाच्या काळातला. जास्तीचं अमेरिकन धान्य इतर देशांना द्यायचा १९५४ चा पीएल ४८० कायदा त्याच्या सहीचा, १९५९ च्या डिसेंबरात तो स्वतः दिल्लीला आला, भारतात आलेला पहिला अमेरिकन राष्ट्राध्यक्ष, दिल्लीतल्या जागतिक कृषी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला हजर होता, आणि मे १९६० मध्ये आपले स. का. पाटील अन्नमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि चार वर्षांत एक कोटी ६० लाख टन गहू आणि दहा लाख टन तांदूळ असा करार झाला. आई सांगते की ७२ च्या दुष्काळात मिलो आली, लाल ज्वारी, ती तर भाकरी थापतानाच फुटायची, पण त्याच्या आधीचा तो गहू, त्याच्या पोळ्या आपल्या गव्हासारख्या नव्हत्या तरी ताटात होत्या. मी म्हटलं अगं त्यात त्यांचा पण फायदा होता, त्यांच्याकडे गहू जास्त झाला होता, त्यांना आपल्याला रशियापासून लांब ठेवायचं होतं. ती म्हणाली असेल, पण ज्याच्या घरी काही नाही त्याने पोळीचा हेतू विचारायचा का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

दुसरं भाषण १७ जानेवारी १९६१ चं, टीव्हीवरून केलेलं निरोपाचं. लष्कर आणि शस्त्रांचे कारखाने यांची जी जोडी झाली आहे तिच्या हातात नकळत जास्त सत्ता जाणार नाही याची काळजी घ्या, असं तो म्हणाला. हे कोणी शांततावादी बोलला असता तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण हा आयुष्यभर गणवेश घातलेला माणूस, आणि आठ वर्षं हाच त्या खर्चावर सह्या करत होता. त्याने सांगितलं की आधी आमच्याकडे कायमचा शस्त्रउद्योग नव्हताच, नांगर बनवणारे गरज पडली की तलवारी बनवायचे, आता मात्र ३५ लाख माणसं थेट संरक्षणाच्या कामात आहेत. मी हे वाचून थांबलो. आमच्या नाशिकला ओझरचा एचएएलचा लढाऊ विमानांचा कारखाना १९६४ पासून आहे, मिगपासून सुरुवात झाली, किती घरं त्यावर उभी राहिली, सातपूर-अंबडमध्ये कितीतरी लहान वर्कशॉपवाले डिफेन्सचं काम मिळावं म्हणून धडपडत असतात. लॅम रोडवर उभं राहिलं की तोफखान्याच्या रेंजवरचे धमाके ऐकू येतात आणि आम्हाला त्यात काही वाटत नाही, उलट त्या आवाजावरच माझं बालपण गेलं, माझ्या शाळेची फी त्या तोफांनीच भरली. आपल्या शेजारची परिस्थिती बघता तोफा लागणारच, अण्णांनी ६५ बघितलंय, मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण किंमत काय ते माहीत असताना तोफ बनवणं वेगळं आणि माहीत नसताना बनवणं वेगळं. त्या माणसाने बिल दाखवलं, एवढंच.

२८ मार्च १९६९ ला तो गेला. साध्या सैनिकाला मिळते तशी ८० डॉलरची शवपेटी, अंगात युद्धातला गणवेश, आणि अॅबिलीनला त्याच्या त्या तीन वर्षांच्या मुलाशेजारी पुरलं.

आता जे लिहायला मी इतकं लांबण लावलं ते लिहितो.

२०११ मध्ये मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. एक बुश होता, म्हणजे शाफ्ट ज्यात बसतो ती धातूची नळी, त्याच्या बोअरला म्हणजे भोकाला प्लग गेज नावाचं माप लावून तपासायचं. त्या गेजची कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याचं स्वतःचं माप बरोबर आहे का ते तपासायची, तारीख आठ दिवसांपूर्वी उलटून गेली होती आणि हे मला माहीत होतं, पण डिस्पॅचची घाई होती आणि दुसरं गेज टूलरूममधून यायला दोन दिवस लागणार होते. शिफ्टच्या पहिल्या पीसवर मी सही केली. गेजची गो बाजू, म्हणजे भोकात गेलीच पाहिजे ती बाजू, झिजलेली होती त्यामुळे कमी मापाची बोअर पण सरळ पास होत होती, ४०० पीस तसेच गेले आणि कस्टमरच्या असेंब्लीला शाफ्ट बसेना. मोठा गोंधळ झाला. रिपोर्ट मी लिहिला. त्यात मी लिहिलं, "तपासणी योग्य प्रकारे करण्यात आली नाही." कोणी केली नाही ते लिहिलं नाही. आता बिनकर्त्याचं वाक्य रिकामं राहत नाही हो, त्यात कोणीतरी येऊन पडतं. मशीनवर गेज लावणारा पोरगा ठेकेदाराचा होता, पेठ तालुक्यातला, एकोणीस-वीस वर्षांचा, त्याला मीच शिकवलं होतं गेज कसं धरायचं ते. त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं. तो माझ्याकडे बघत होता, काही बोलला नाही. मी पण बोललो नाही.

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोला पण नाही. ती चिठ्ठी वाचली त्या रात्री झोप लागेना, आणि सकाळी अण्णांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "पोराचं नाव?" मी सांगितलं, नाव मला पाठच होतं. मग म्हणाले, "त्याला सांगितलंस?"

पाय बरा झाल्यावर मी त्या जुन्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला शोधून काढलं, त्याच्याकडून गावाचं नाव मिळालं, तो मुलगा आता शेती करतो आणि पावसाळ्यानंतर द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे येतो असं कळलं. तोंडावर बोलताना मी परत गोल गोल बोलेन याची मला भीती होती म्हणून आधी कागदावर लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, "त्या वेळी तुझ्यावर अन्याय झाला." आणि तिथेच थांबलो, खोडलं. "मी तुझ्यावर अन्याय केला." मग गेजबद्दल, सहीबद्दल, रिपोर्टबद्दल लिहिलं. शेवटी लिहिलं की त्यात कदाचित सगळी चूक माझीच होती.

कागद अण्णांना वाचून दाखवला. कप फुटल्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट ही. डोळे मिटून ऐकत होते, झाल्यावर म्हणाले,

"ते कदाचित काढ."

काढलं. येत्या सुट्टीला दिंडोरीला जातोय.